विल्यम फोस्टर आणि 'मार्चिंग 100'

अमेरिकेतल्या टॅलाहसी शहरात 28 ऑगस्ट 2010 रोजी विल्यम पी. फोस्टर वारले. तीनच दिवसांपूर्वी त्यांनी 91 वर्षं पूर्ण केली होती. फ्लोरिडा ए अँड एम या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाचा 'मार्चिंग 100' हा मैदानात चालत वाजवणारा बँड त्यांनी 1946 ते 1998 अशी 52 वर्षं सांभाळला. विद्यार्थ्यांचे ते 'माएस्ट्रो'.

मूळ गोष्ट मात्र कॅन्ससमधली. तिथल्या विद्यापीठात संगीत शिकत असताना डीनने त्यांना बजावलं होतं की काळ्या माणसाला बँड चालवायची नोकरी कुठे मिळायची नाही, दुसरं काही बघ. फोस्टरनी 1941 साली तिथूनच पदवी घेतली आणि पाच वर्षांनी टॅलाहसीचा बँड हाती घेतला.

तोवर कॉलेजचे बँड म्हणजे लष्करी कवायत: सरळ रांगा, ताठ पाठी. फोस्टरनी त्यात नाच आणला. गुडघे उंच उचलायचे, वाद्य डोलवायचं, मुंगीच्या पावलांनी मैदानात शिरायचं आणि एकाएकी धावत सुटायचं. सोबत रेडिओवर गाजणारी गाणी. लेझीम खेळलेल्याला यात नवल वाटणार नाही. पण तोंडाला ट्रम्पेट लावून हे करायचं म्हणजे दम लागतो, आणि सूर तर हलता कामा नये. फोस्टर शिस्तीचे कडक होते, ते यासाठीच. पुढे अमेरिकेतल्या कितीतरी बँडनी ही चाल उचलली.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीला, 14 जुलै 1989 च्या रात्री, पॅरिसच्या संचलनात अमेरिकेकडून हाच बँड गेला आणि मूनवॉक करत चालला. अमेरिकन बँडमास्तर्स असोसिएशनचं अध्यक्षपद मिळालेले फोस्टर हे पहिले कृष्णवर्णीय. डीनसाहेबांना यातलं काय कळलं असेल, कोण जाणे.

या आठवणीला एक काळी किनार आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. फोस्टर गेल्यावर सव्वा वर्षाने, नोव्हेंबर 2011 मध्ये, ऑर्लँडोत बँडच्या बसमध्ये रॅगिंगच्या मारहाणीत बँडमधल्याच एका ड्रम मेजरचा, म्हणजे बँडच्या पुढे चालून त्याला ताल देणाऱ्या विद्यार्थ्याचा, जीव गेला. बँड बंद झाला. सप्टेंबर 2013 मध्ये तो पुन्हा मैदानात उतरला, तोही ऑर्लँडोतच.