गाठीतून मिळालेलं आतडं

2022 च्या जुलैत चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत कॉलरा पसरला, माणसं दगावली. हगवण लागली की अंगातलं पाणी फुटक्या घागरीसारखं जातं, हे मेळघाटात कुणाला सांगावं लागत नाही. पण घागर फुटते नेमकी कुठं? ते बघायला आतड्याच्या जिवंत पेशी काचेखाली हव्यात, आणि अडलं होतं तिथंच.

आतड्याच्या अस्तरातल्या पेशी चार-पाच दिवसांच्या पाहुण्या. बाहेर काढल्या की तेवढाही दम धरत नाहीत. माणसाच्या साध्या पेशी बशीत पन्नासेक वेळा विभागून थांबतात, हे लिओनार्ड हेफ्लिक यांनी 1961 मध्ये दाखवलं. न थांबणाऱ्या पेशी मिळतात त्या बहुधा कर्करोगाच्या. 1951 ची हेला ही पेशींची न थांबणारी वंशावळ तशीच, हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतली. त्यांना विचारलंही नव्हतं.

आतड्याचंही तेच झालं. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग या कर्करोग संस्थेत योर्गन फोग यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून 1964 मध्ये एचटी-29 ही अशीच वंशावळ वाढवली, पुढच्या दशकात काको-2. ही काको-2 मोठी बेरकी. बशी भरली की वाढ आवरते आणि साधारण 21 दिवसांत चक्क लहान आतड्याचं सोंग घेते. साध्या प्लास्टिकवर तिच्या थराला जागोजागी फुगे येतात, तव्यावरच्या भाकरीला यावेत तसे. पेशी वरचं पाणी शोषून खाली ढकलतात, खाली वाट नसते, म्हणून थर उचलला जातो.

कॉलऱ्याचं कोडं उलगडायला मात्र टी84 जास्त कामाची. तीही मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची, पण फुफ्फुसात पसरलेल्या गाठीतली. कॉलऱ्याच्या विषानं पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, क्लोराइडचं दार उघडंच राहतं, मिठामागे पाणी जातं. साखर आणि सोडियम जोडीनं आत घेणारं दार मात्र विष बंद करत नाही, म्हणून तर ओआरएस लागू पडतं.

निरोगी आतड्यातूनही पेशी मिळाल्या: 1979 मध्ये उंदराच्या आयईसी-6, 1989 मध्ये डुकराच्या पिल्लाच्या आयपीईसी-जे2. 2009 मध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या गटानं मूलपेशींपासून इवली आतडीच वाढवली. ती जास्त खरी, पण खर्चिक. म्हणून काको-2 अजून सुटत नाही.

तिलाही 21 दिवस अखंड 37 अंश लागतात. आमच्या कॉलेजातला इन्व्हर्टर चार तासांत मान टाकतो. पोरांना फुगे मी फोटोतच दाखवतो.