शेततळ्याचा अर्ज नेमका अडतो कुठे?

वैयक्तिक शेततळ्याच्या अनुदानाचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरायला अर्धा तास पुरतो. माणूस अडकतो तो त्याच्या आधी आणि नंतर. बाद होणाऱ्यांपैकी बरेच जण पात्रच असतात, हे बघून जीव तुटतो.

मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत नावावर किमान 0.40 हेक्टर, म्हणजे एक एकर जमीन लागते, कोकणात 0.20 हेक्टर चालते. कमाल मर्यादा नाही. आधी सरकारी अनुदानातून शेततळं घेतलेलं नसावं. अनुदान जास्तीत जास्त 75,000 रुपये, पण ते आकारावर ठरतं. 15 बाय 15 मीटरचं तळं खोदून पूर्ण पंचाहत्तर हजारांची वाट बघत बसू नका. आणि रकमेकडे बघून सरसकट 34 बाय 34 सुद्धा मागू नका. त्यात नुसत्या खड्ड्याखाली साडेअकरा गुंठे जातात, भोवतालचा भराव वेगळा. ज्याची जमीनच एकर आहे त्याने आधी रानात चार खुंट्या ठोकून दोरी लावून बघावी. प्लास्टिकचा कागदही यात धरलेला नाही. अस्तरीकरण हा स्वतंत्र घटक आहे.

सगळ्यात जास्त अर्ज सातबाऱ्यावर अडतात. वडील जाऊन वर्षं लोटतात, सातबाऱ्यावर मात्र तेच खातेदार! रान कसणाऱ्या मुलाच्या नावावर कागदोपत्री एक गुंठाही नसतो. वारस नोंद अर्जाच्या वेळी घाईघाईत होत नाही: तलाठ्याकडे (आताचा ग्राम महसूल अधिकारी) किंवा ई-हक्क या ऑनलाइन सेवेवर अर्ज, मग फेरफार, पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची सही. 2025 मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली ती याच दुखण्यासाठी. तिच्यात तुमचं काम झालं असं धरून चालू नका, ताजा उतारा काढून बघा. खातं सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. भावाशी बोलणं नसेल तर ते आधी सुरू करा. पुण्या-मुंबईला असलेली बहीणही खातेदारच असते.

15 एप्रिल 2025 पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा आहे. तो काढताना आपल्या जमिनीचे सगळे गट नंबर जोडले गेले का ते बघा. एखादा गट राहिला तर क्षेत्र कमी दिसतं, आणि एकराच्या काठावरचा माणूस तिथेच गळतो.

अर्जात 'सिंचन साधने व सुविधा' या बाबीखाली वैयक्तिक शेततळं निवडायचं. शेवटी 23 रुपये 60 पैसे भरायचे. हे पैसे भरल्याशिवाय अर्ज दाखलच होत नाही, आणि कित्येक जण माहिती भरली की झालं समजून घरी जातात. पावती घेतल्याशिवाय सेवा केंद्रातून उठू नका. आता सोडतीऐवजी प्रथम येणाऱ्यास प्राधान्य आहे, त्यामुळे अर्धवट अर्जाची किंमत आणखी वाढली आहे.

निवड झाल्याचा मेसेज नोंदवलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबर मुलाचा असतो, मुलगा कंपनीत असतो, आणि कागद अपलोड करायची मुदत निघून जाते. म्हणून लॉगिन करून स्थिती स्वतः बघत राहा. कार्यालयातून कोणी आठवण करून देईल ही आशा सोडा.

पूर्वसंमती, म्हणजे काम सुरू करायची परवानगी, येईपर्यंत जेसीबी रानात घालू नका, ही हात जोडून विनंती. निवड म्हणजे पूर्वसंमती नव्हे. मशीन गावात आलंय, दर बरा मिळतोय म्हणून आधीच खोदलं तर ते काम अनुदानात बसवता येत नाही. सहायक कृषी अधिकाऱ्याने (पूर्वीचा कृषी सहायक) जागा बघून आखणी करून द्यायला हवी. तो येत नसेल तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीचा माग राहत नाही.

जागेचंही तसंच. ओढ्याच्या पात्रात तळं चालत नाही. पहिल्याच मोठ्या पावसात ते गाळाने भरतं किंवा फुटतं. मुरमाड रानात पाणी टिकत नाही. उतारावरून वाहून येणारं पाणी इनलेटमधून आत यावं आणि जादा झालेलं आउटलेटमधून बाहेर पडावं, अशी जागा हवी. बोअरचं पाणी उपसून तळं भरायचं असेल तर पाणलोटात भर काहीच पडत नाही: जमिनीखालचं पाणी वर आणून उन्हात ठेवल्यासारखं होतं, आणि शेजाऱ्याची विहीर मार्चमध्येच बूड दाखवते.

शेवटची अडचण बँकेची. अर्जाला ज्याचं पासबुक जोडलं त्या खात्यात अनुदान येत नाही, ते आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतं. ते कधीचं बंद पडलेलं दुसऱ्या बँकेतलं खातं निघू शकतं. खोदकामाचे पैसे आधी स्वतःच्या खिशातून जातात, तेव्हा ही चौकशी जेसीबीवाल्याला सांगण्याआधीच बँकेत करून घ्या.