हाफ इंजिन की फुल इंजिन? जुनी पिकअप घेताना हे आधी विचारा

जुनी पिकअप बघायला गेलात की एक वाक्य कानावर पडतंच: "दादा, इंजिनचं टेन्शन घेऊ नका, काम नुकतंच केलंय." घेणाऱ्याला ऐकून बरं वाटतं. मग तो टायर बघतो, बॉडीचा पत्रा बघतो, भावावर येतो. पण केलेलं काम हाफ इंजिनचं होतं की फुल इंजिनचं, हे फार थोडे जण खोलात जाऊन विचारतात. गाडी रोज माल ओढणार असेल आणि घर त्या गाडीवर चालणार असेल, तर सगळ्यात आधी हाच प्रश्न यायला हवा.

हाफ इंजिनमध्ये ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य सांगाडा, गाडीतच राहतो. वरून हेड उतरवतात, खालून ऑइलचा चेंबर सोडतात, कनेक्टिंग रॉडच्या टोप्या खोलतात आणि पिस्टन वरच्या बाजूने काढून घेतात. नव्या रिंगा, गरज असेल तर नवे पिस्टन, व्हॉल्व्हचं ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह सील, हेडचं फेसिंग (खालची बाजू घासून सपाट करणं) आणि नवी हेड गॅस्केट, एवढं झालं की इंजिन परत बांधतात. चेंबर उघडलाच आहे म्हणून चांगला मेकॅनिक कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगही बदलतो. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा खालचा मुख्य दांडा, मात्र जागचा हलत नाही.

फुल इंजिनमध्ये इंजिन गाडीतून खाली येतं. ब्लॉक आणि क्रँक लेथवाल्याकडे जातात. बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडरचा पोकळ भाग) मोजून नवा करतात किंवा नवी स्लीव्ह बसवतात, क्रँक मोजून लागलं तर ग्राइंड करतात. मेन बेअरिंग, थ्रस्ट वॉशर, ऑइल पंप, टायमिंगचं सामान, मागचं ऑइल सील हे सगळं बघितलं जातं, आणि इंजिन उतरलंच आहे म्हणून क्लच प्लेटही बहुतेक वेळा बदलली जाते. खर्च आणि वेळ दोन्ही हाफपेक्षा बरेच जास्त.

घोळ होतो तो पुढे. काम झाल्यावर पहिले काही महिने दोन्ही गाड्या सारख्याच वागतात. एका सेल्फला चालू होतात, निळा धूर गेलेला असतो, रिकाम्या रस्त्यावर मस्त पळतात. यार्डात उभं राहून दोन वेळा रेस देऊन बघणाऱ्याला दोघींत काडीचाही फरक कळणार नाही. फरक खाली आहे, क्रँक आणि बेअरिंगच्या मधल्या फटीत.

ही फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी असते. ऑइल पंप त्या फटीत दाबाने ऑइल ढकलतो आणि क्रँक खरं तर त्या ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगत फिरतो. बेअरिंग झिजली की फट वाढते, ऑइल बाजूने निसटतं, दाब पडतो. इंजिन थंड असताना ऑइल घट्ट असतं, म्हणून काही जाणवत नाही. इंजिन तापलं, ऑइल पातळ झालं, त्यात चढणीवर माल भरलेला असला की दाब पुरेनासा होतो आणि धातू धातूला लागायला लागतो. आता याच झिजलेल्या क्रँकवर कुणी नव्या रिंगा-पिस्टन टाकले तर काय होईल? वरचं कॉम्प्रेशन पुन्हा खणखणीत झालं, स्फोटाचा जोर वाढला, आणि तो सगळा जोर ढिल्या पडलेल्या बेअरिंगवर येऊन आदळायला लागला. "हाफ इंजिन केलं आणि सहा महिन्यांत क्रँक गेला" अशा कहाण्या गॅरेजात ऐकू येतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

वरच्या बाजूचीही एक गोष्ट आहे. बोअर झिजताना सगळीकडून सारखा झिजत नाही. पिस्टन ज्या बाजूला दाबला जातो तिकडे जास्त झिजतो आणि हळूहळू लंबगोल होतो. अशा बोअरमध्ये नव्या गोल रिंगा नीट बसतच नाहीत. बोअर न मोजता नुसत्या रिंगा बदलून केलेलं हाफ इंजिन माझ्या मते सगळ्यात वाईट. गाडी विकायला काढायच्या आधी धूर घालवण्यासाठी म्हणून हेच काम करून घेतलं जातं.

म्हणून हाफ वाईट आणि फुल चांगलं, असा हिशेब लावू नका. इंजिन का उघडलं, यावर सगळं ठरतं. रेडिएटरचा पाइप फुटला, गाडी तापली, ड्रायव्हरने वेळीच थांबवली आणि नुसती हेड गॅस्केट गेली होती, तर हाफ काम पुरेसं आहे. बेअरिंग उघडून बघितल्या, ठीक होत्या, म्हणून खालचं तसंच ठेवलं, असं सांगणारा मालक भेटला तर ती गाडी मी आनंदाने बघेन. याउलट ऑइलमध्ये पाणी जाऊन ऑइल दुधाळ झालं होतं, किंवा ऑइल संपलेलं असताना गाडी चालवली होती, तर बेअरिंगला मार बसलेलाच असतो. तिथे हाफ इंजिन म्हणजे वरवरची मलमपट्टी.

फुल इंजिनचंही तसंच. क्रँक ग्राइंड करताना तो बारीक होतो आणि त्याला जाड बेअरिंग लागतात. त्या ०.२५, ०.५०, ०.७५ मिमी अशा पायऱ्यांनी मिळतात. क्रँक शेवटच्या पायरीवर पोचला असेल, तर पुढच्या वेळी ग्राइंडिंगला जागाच उरत नाही, नवा क्रँक घ्यावा लागतो. म्हणजे "फुल इंजिन केलंय" हे खरं असूनही त्या इंजिनच्या क्रँकचं आयुष्य जवळपास संपत आलेलं असू शकतं. त्यातच पिस्टन आणि बेअरिंग स्वस्तातल्या लोकल मालाचे टाकले असले की संपलंच.

यासाठी मेकॅनिकच्या एकूण बिलापेक्षा लेथवाल्याचं बिल मागा. मेकॅनिकच्या बिलावर "इंजिन काम" एवढं लिहून रक्कम टाकलेली असते, त्यातून काही कळत नाही. लेथवाल्याच्या कागदावर बोअरचं माप, क्रँक कितीवर ग्राइंड केला, ब्लॉक फेसिंग केलं का, हे लिहिलेलं असतं. खरंच फुल काम केलेला आणि त्यासाठी पैसे मोजलेला मालक हा कागद सहसा जपून ठेवतो. कागद नसेल तर लेथवाल्याचं नाव विचारा आणि सरळ जाऊन भेटा. तालुक्याच्या गावात असे दोन-चारच असतात आणि कोणत्या गाडीचं काम आपल्याकडे झालं ते त्यांच्या लक्षात असतं.

कागद मिळाला नाही तरी बोल्ट बोलतात. टॉर्च घेऊन गाडीखाली जा आणि गिअरबॉक्स जिथे इंजिनला जोडलेला असतो तिथले बोल्ट बघा, मग इंजिन माउंटिंगचे. इंजिन खाली उतरवलं असेल तर हे बोल्ट उघडलेले असणारच: डोक्यांवर पान्याच्या ताज्या खुणा, आजूबाजूचा मळ तुटलेला, एखादा बोल्ट नवा. त्यांच्यावर वर्षानुवर्षांची माती आणि ऑइलचा थर एकसंध बसलेला असेल आणि फक्त हेडच्या व चेंबरच्या कडेला ताजी गॅस्केट पेस्ट दिसत असेल, तर इंजिन गाडीतून उतरलंच नव्हतं. समोरचा फुल म्हणत असला तरी काम हाफ आहे. मालक खोटंच बोलतोय असं लगेच धरू नका, कित्येकदा त्यालाही गॅरेजवाल्याने हेच सांगितलेलं असतं.

आता गाडी चालू करायची. बघायला जाताना आधीच सांगून ठेवा की सकाळपासून गाडी सुरू करू नका, आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावून खात्री करा. चावी फिरवा, पण सेल्फ मारू नका. ऑइलचा लाल दिवा लागतोय का ते बघा. दिवा लागतच नसेल तर बल्ब गेलाय किंवा वायर काढून ठेवलीय, आणि मग पुढची सगळी परीक्षा वाया. दिवा लागला आणि सेल्फ मारल्यावर काही क्षणांत विझला, तर इथपर्यंत ठीक.

खरी परीक्षा गाडी तापल्यावर. अर्धा तास तरी चालवा, जमलं तर माल भरून आणि चढणीवर. रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या भरून आंबा घाट चढणारी गाडी दुसऱ्या गिअरवर बराच वेळ पूर्ण जोरात ओढत असते, वेग कमी म्हणून रेडिएटरला वाराही कमी मिळतो. इंजिनमधला दोष बाहेर यायला याहून चांगली जागा नाही. मोठा घाट जवळ नसेल तर एखादा खडा चढाव शोधा आणि ओळखीच्या दुकानदाराकडून सिमेंटच्या पोत्यांचा भार मागून घ्या. विकणारा "माल भरून कशाला?" म्हणून आढेवेढे घेत असेल, तर ते लक्षात ठेवा.

वर पोचल्यावर गाडी न्यूट्रलला स्लो ठेवा आणि ऑइलच्या दिव्याकडे बघा. मिणमिणायला लागला तर खालचं इंजिन ढिलं आहे असं धरूनच पुढे बोला. दिवा स्थिर असेल तर हलकी रेस देऊन एकदम सोडा आणि कान द्या. रेस सोडताना येणारी टणक ठकठक कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगकडे बोट दाखवते, मेन बेअरिंगचा आवाज त्याहून खोल आणि जड असतो, तो लोडवर जास्त ऐकू येतो. छोट्या हत्तीच्या (टाटा एसच्या) बाबतीत मात्र घाई करू नका. ७०२ सीसीचं ते दोन सिलिंडरचं इंजिन मुळातच खडखडतं. शेजारी दुसरा छोटा हत्ती चालू करून आवाज ताडून बघा.

मग ऑइल भरायचं झाकण काढा. तिथून थोडा श्वास येणारच. पण आगगाडीच्या इंजिनासारखे धुराचे झोत बाहेर पडत असतील, तर ते बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंगांनी काम सोडलंय. नुकतंच इंजिन केलेल्या गाडीत हे दिसलं तर बोअर न मोजता रिंगा टाकल्याची शंका घ्यायला जागा आहे. सायलेन्सरमधून निळा धूर आला म्हणजे दोष रिंगांचाच, असंही नाही. बोलेरो पिकअपसारख्या टर्बो गाडीत टर्बोचं सील गेलं तरी ऑइल जळतं. आणि एप्रिल २०२० नंतरच्या बीएस सहा डिझेल गाड्यांत बहुतेक ठिकाणी काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्यामुळे धूर दिसत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. अशा गाडीत ऑइल किती उतरतं तेच विचारा आणि डिपस्टिक बघा. ऑइल बोटांत घेऊन चोळा. नेहमीपेक्षा फार घट्ट वाटलं तर पडलेला दाब आणि आवाज झाकण्यासाठी जाड ऑइल भरलेलं असू शकतं.

गाडीने आयुष्यभर किती वजन वाहिलं, हेही क्रँकवर लिहिलेलं असतं. २००५ मध्ये छोटा हत्ती आला तेव्हा त्याची क्षमता पाऊण टनाची होती. त्यावर दीड-दोन टन वाळू किंवा विटा वाहिलेली गाडी चार वर्षांची असली तरी म्हातारी समजा. त्यापेक्षा सव्वा टन क्षमतेच्या पिकअपवर एका बागायतदाराने टोमॅटोचे क्रेट वाहिलेले असतील, तर ती आठ वर्षांची असूनही उजवी ठरू शकते. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना आणि चेसीला जोड दिलाय का, वेल्डिंग केलंय का, त्यावरून मालाचा अंदाज येतो.

इंजिन केलंय म्हणून सांगतात तेव्हा कधीकधी यातलं काहीच केलेलं नसतं, भंगारातल्या गाडीचं तयार इंजिन आणून बसवलेलं असतं. म्हणून ब्लॉकवरचा इंजिन नंबर स्वतः पुसून वाचा आणि आरसीवरच्या नंबराशी ताडून बघा. जुळत नसेल आणि आरटीओत बदलाची नोंद नसेल, तर नाव चढवताना, फिटनेसला आणि विम्याच्या क्लेमला तुम्हीच अडकाल. कर्जाचा बोजा उतरलाय का तेही त्याच वेळी ऑनलाइन बघून घ्या. फिटनेस चालू आहे म्हणून इंजिन चांगलं असं मात्र समजू नका. माल वाहणाऱ्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस लागतं, पण त्या तपासणीत कुणी बेअरिंगची फट मोजत नाही.

भाव ठरवताना काम हाफ असल्याचं कळलं, तर तेवढ्यावरून सौदा मोडू नका. तुमच्या मेकॅनिककडून त्याच मॉडेलच्या फुल इंजिनचा खर्च आधी विचारून ठेवा. बेअरिंग बघितल्याचा पुरावा नसेल तर त्यातला निम्मा तरी भावातून कमी करून मागा, आणि गरम इंजिनवर दिवा मिणमिणला असेल तर पूर्ण. शंभर-दोनशे किलोमीटरच फिरलेल्या ताज्या इंजिनला जास्तीचा पैसा देऊ नका. काम करून दहा हजार किलोमीटर माल वाहिलेलं आणि अजूनही ऑइल न खाणारं इंजिन मला जास्त भरवशाचं वाटतं.

गाडी घरी आणल्यावर पहिलं ऑइल हजार किलोमीटरच्या आत बदला, नवीन काम असेल तर नक्कीच. जुनं ऑइल पांढऱ्या ट्रेमध्ये काढा, फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात पसरा. नव्या रिंगा बसताना थोडी बारीक राखाडी पूड येते, तिला घाबरू नका. तांबूस किंवा चंदेरी चकचकीत चकत्या दिसल्या तर ती बेअरिंगची धातू आहे. गाडी तिथेच उभी करा, माल भरू नका, आणि चेंबर उघडून बेअरिंग बघा. त्या टप्प्यावर क्रँक बऱ्याचदा ग्राइंडिंगवर वाचतो. अजून चार फेऱ्या मारल्या तर नवा घ्यायची वेळ येते.