संसर्गजन्य आजारांच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये भाग घ्यायचाय? कोल्हापूरकरांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

नव्या लसीच्या किंवा औषधाच्या चाचणीत भाग घ्यायला छापील सरकारी अर्ज नसतो. सेतू केंद्रात जाऊन तो मिळणार नाही, तहसील कचेरीतही नाही. चाचणी जिथे चालू आहे त्या रुग्णालयातल्या संशोधक डॉक्टरांना भेटायचं, माहिती ऐकायची, संमतीपत्रावर सही करायची, मग तपासण्या होतात आणि त्यात पात्र ठरलं तर नाव लागतं. यासाठी एक रुपयाही भरावा लागत नाही. चाचणीतलं औषध मोफत असतं. त्यामुळे ‘नाव घालून देतो, पाचशे द्या’ म्हणणारा कुणी भेटला, तर त्याचा चाचणीशी काही संबंध नाही असं समजा.

चाचणी खरी आहे का, हे आधी बघा

भारतात अशा प्रत्येक चाचणीची नोंद आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सीटीआरआय या चाचण्यांच्या नोंदवहीत करावी लागते. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषध नियंत्रकांनी नोंदणी सक्तीची केली. १ एप्रिल २०१८ पासून तर पहिला माणूस चाचणीत घेण्याआधीच नोंद झालेली असावी लागते. संकेतस्थळ सर्वांना खुलं आहे, फक्त शोध इंग्रजीत घ्यावा लागतो. घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवलं तर दहा मिनिटांचं काम.

आजाराचं नाव टाकून शोधा आणि सापडलेल्या नोंदीत तीन गोष्टी बघा. केंद्रांच्या यादीत कोल्हापूर आहे का, तिथल्या एथिक्स कमिटीची, म्हणजे भाग घेणाऱ्यांची सुरक्षितता आणि हक्क बघणाऱ्या समितीची, मान्यता मिळालेली आहे का, आणि भरती चालू आहे की संपली. पात्रतेच्या अटीही तिथेच असतात, त्या वाचून गेलात तर निम्मे हेलपाटे वाचतात. नेट जमत नसेल तर सीपीआर, म्हणजे आपल्या जुन्या लोकांचा थोरला दवाखाना, किंवा कदमवाडीतलं डी. वाय. पाटील रुग्णालय अशा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्या आजाराच्या विभागात जाऊन ‘सध्या कुठली ट्रायल चालू आहे का’ असं सरळ विचारा. कुणी स्वतःहून चाचणीबद्दल सांगितलं, तर त्यांच्याकडून सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागून घ्या. क्रमांक द्यायला का कू करणाऱ्या ठिकाणी मी तरी सही करणार नाही.

इचलकरंजीसारख्या ठिकाणच्या रुग्णालयाला स्वतःची एथिक्स कमिटी नसेल, तर त्याच शहरातल्या किंवा ५० किलोमीटरच्या आतल्या दुसऱ्या नोंदणीकृत कमिटीची मान्यता चालते. म्हणून कागदावर कोल्हापूरच्या कमिटीचं नाव दिसलं तर दचकू नका. या कमिटीत किमान सात जण असतात. त्यात एक तरी सामान्य माणूस, एक महिला आणि एक कायद्याचा जाणकार लागतोच, आणि निम्मे सदस्य तरी त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात.

पात्रता : लस वेगळी, औषध वेगळं

आजार टाळण्याच्या चाचणीत बहुतेक वेळा धडधाकट माणसं लागतात. आयसीएमआर आणि पॅनेशिया बायोटेक यांच्या डेंग्यू लसीच्या तिसऱ्या टप्प्याची चाचणी १४ ऑगस्ट २०२४ रोजी रोहतकमध्ये सुरू झाली. देशभरातल्या १९ केंद्रांवर मिळून १०,३३५ निरोगी प्रौढ घ्यायचे आणि दोन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, अशी तिची आखणी. दोन वर्षं, हे लक्षात घ्या. लस घेतली आणि मोकळं झालं असं नसतं, ठरलेल्या तारखांना यावं लागतं. गगनबावड्याहून एसटीने येणाऱ्याने याचा हिशेब आधीच मांडावा.

कधीकधी पात्रता आपल्यावर नाही, घरच्यांवर ठरते. २०१९ मध्ये आयसीएमआरने क्षयरोगाच्या दोन लसींची चाचणी सुरू केली, ती रुग्णांसाठी नव्हतीच. ज्या घरात थुंकीत जंतू सापडलेला टीबीचा रुग्ण आहे, त्या घरातली निरोगी माणसं तिला हवी होती. अशा ठिकाणी स्वतःचे रिपोर्ट कमी आणि घरातल्या रुग्णाचा रिपोर्ट जास्त कामाला येतो.

उपचारांच्या चाचणीत मात्र आजार प्रयोगशाळेत सिद्ध झालेला लागतो. नुसता ताप आहे, खोकला आहे, एवढ्यावर घेत नाहीत. मूत्रपिंड आणि यकृत कसं चाललंय ते रक्त तपासून बघतात, आधी कुठली औषधं किती दिवस घेतली ते विचारतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना बहुतेक चाचण्यांतून वगळतात. दुसऱ्या चाचणीत चालू असलेल्यालाही सहसा घेत नाहीत. हे लपवून नाव लावण्यात शहाणपण नाही, दोन औषधं एकमेकांत अडकली तर त्रास आपल्यालाच.

न्यायची कागदपत्रं साधी आहेत: ओळखीचा आणि वयाचा पुरावा, जुने रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं प्रमाणपत्र, चालू गोळ्यांची चिठ्ठी. चिठ्ठी हरवली असेल तर गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाका, गावठी औषध चालू असेल तर तेही सांगा. प्रवासखर्च खात्यात जमा करणार असतील तर पासबुकाची झेरॉक्स लागेल.

संमतीपत्र : इथे घाई नको

माहितीपत्रक आणि संमतीपत्र आपल्याला समजेल अशा भाषेत असलं पाहिजे, म्हणजे आपल्याकडे मराठीत. चाचणीसाठीचं रक्त काढण्याआधी ते वाचून सही व्हायला हवी. ‘आधी रक्त देऊ, सही नंतर’ हे नियमात बसत नाही. घरी नेऊन वाचतो म्हटलं तर कुणी हरकत घेऊ नये. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा.

माहितीपत्रकात काय लिहिलेलं असलं पाहिजे हेही ठरलेलं आहे. औषधाचा गुण येणारच नाही अशीही शक्यता आहे, हे त्यात स्पष्ट हवं. प्लासिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काही, असेल तर त्याने आजारावर उपचार होत नाही, हेही हवं. कुणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं आणि अनेक चाचण्यांत डॉक्टरांनाही ते ठाऊक नसतं. ‘मला खरंच औषध द्या हं’ असं डॉक्टरांच्या कानात सांगून काही होत नाही.

संमतीपत्राचं पान एकदा नीट बघा. प्रत्येक वाक्यापुढे लहानशी चौकट असते, तिथे आपल्या नावाची आद्याक्षरं घालायची. वर नाव, पत्ता, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, आणि वारसाचं नाव व नातं. उत्पन्नाच्या रकान्यापाशी लोक अडखळतात, रेशनकार्डावर परिणाम होईल म्हणून. रेशनशी त्याचा संबंध नाही. वारसाचा रकाना मात्र कधीच कोरा सोडू नका, कारण चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाई त्या नावावर जाते.

भरपाईचा हिशेब २०१९ च्या नियमांत दिलेला आहे आणि त्यात उत्पन्न धरतच नाहीत. मूळ रक्कम ८ लाख, ती वयाच्या आणि जोखमीच्या गुणकाने बदलते. पासष्टीच्या पुढच्या धडधाकट माणसासाठी ती ३२ लाख येते, वय कमी तशी वाढते. चाचणीत इजा झाली तर उपचार मोफत, लागतील तितके दिवस. इजेचा चाचणीशी संबंध नाही असं ठरलं तर मात्र ती सोय तिथे थांबते. गंभीर त्रास झाला की संशोधकाने २४ तासांत औषध नियंत्रक, प्रायोजक (चाचणी करवून घेणारी कंपनी किंवा संस्था) आणि एथिक्स कमिटीला कळवायचं असतं. तेव्हा रात्री दोन वाजता थंडी वाजून ताप भरला तरी माहितीपत्रकावरचा नंबर लावा, सकाळची वाट बघू नका.

अगदी नव्या रसायनाची चाचणी असेल आणि सही करणारा दुर्बल गटातला, म्हणजे सहज दबावाखाली येऊ शकेल असा, असेल, तर संमती देतानाचं व्हिडिओ चित्रीकरण होतं. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी यात सूट आहे, तिथे फक्त आवाज मुद्रित करतात. शेंडा पार्कच्या कुष्ठधामाकडे गावाने कसं बघितलं हे ज्यांना आठवतं, त्यांना चेहरा का वगळला हे सांगावं लागणार नाही.

सही झाली की संमतीपत्राची आणि माहितीपत्रकाची प्रत मागून घ्या. ती देणं बंधनकारक आहे. प्रतीवर आवृत्तीचा क्रमांक, तारीख, संशोधक आणि एथिक्स कमिटीचा फोन आहे ना, ते तिथेच उभं राहून बघा. तक्रार करायची वेळ आली तर संशोधकाला टाळून थेट कमिटीकडे जाता येतं.

मुलांच्या बाबतीत सही आईवडिलांची, पण साधारण सात वर्षांपुढच्या मुलाला समजावून त्याचाही होकार घ्यायचा असतो. बाहेर पडायचं झालं तर कधीही पडता येतं, कारण देण्याची सक्ती नाही आणि त्या रुग्णालयातले नेहमीचे उपचार त्यामुळे थांबवता येत नाहीत. फक्त लस किंवा औषध अंगात गेलेलं असेल तर एक शेवटची तपासणी करून मगच थांबा.