भावनिक बुद्धिमत्ता आणि कारखान्यातील नेतृत्व

स्वतःच्या व समोरच्याच्या भावना ओळखणे, त्यामागचे कारण समजून घेणे आणि त्यानुसार आपले वागणे आवरणे किंवा बदलणे, या क्षमतेला भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ती शास्त्रीय संकल्पना म्हणून मांडली. डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकाने ती सर्वसामान्यांपर्यंत पोचली. १९९८ मध्ये गोलमन यांनी तिची सांगड नेतृत्वाशी घातली आणि आत्मभान, आत्मसंयम, कामाची आतून असलेली ओढ, समानुभूती आणि माणसे सांभाळण्याचे कौशल्य असे पाच घटक सांगितले.

नाशिकमध्ये या क्षमतेचा खरा कस लागतो तो सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींत, ऑपरेटरचा सुपरवायझर होतो तेव्हा. बढती बहुधा मशीनवरचा हात चांगला म्हणून मिळते. नवे काम मात्र माणसांचे असते. कालपर्यंत ज्यांच्यासोबत डबा खाल्ला, त्यांनाच आज उशिरा येण्याबद्दल विचारावे लागते. अशा वेळी कुणी जुन्या मैत्रीपोटी चुकांवर पांघरूण घालतो, तर कुणी अधिकार दाखवायला आवाज चढवतो. दुसरा मार्ग जास्त नुकसानीचा, कारण ओरडा बसण्याच्या भीतीने बिघडलेला माल लपवला जातो आणि दोष पुढच्या पाळीत, कधी थेट ग्राहकाकडे उघडा पडतो.

या भागातले बरेच कामगार दिंडोरी, निफाड, सिन्नर तालुक्यांतल्या शेतकरी घरांतले. जानेवारी ते एप्रिल हा द्राक्षकाढणीचा हंगाम. त्यात अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली की पाळीवर हजर असलेल्या माणसाचेही मन बागेत असते. रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नाकारला जाणारा माल, का वाढले, याचे उत्तर अशा दिवशी मशीनच्या सेटिंगमध्ये सापडेलच असे नाही. कोणाच्या घरी बाग आहे हे ठाऊक असलेला सुपरवायझर त्याला बाजूला घेऊन विचारतो, गरज असेल तर रजा किंवा पाळीची अदलाबदल जमवतो आणि मोजमापाच्या नाजूक कामावर त्या दिवशी दुसरा माणूस लावतो. समानुभूतीचा कारखान्यातला अर्थ हाच: माणसाची अडचण लक्षात घेऊन कामाची आखणी बदलणे. नुसते गोड बोलणे म्हणजे समानुभूती नव्हे.

ही कौशल्ये सरावाने वाढतात. चूक सांगताना माणसाच्या स्वभावावर न जाता घडलेल्या कामावर बोलणे, चारचौघांत अपमान न करणे, राग आला की निर्णय काही वेळ मागे ठेवणे, आणि आपल्याबद्दल लोकांचे काय मत आहे हे विश्वासातल्या सहकाऱ्याला विचारणे, या सवयी उपयोगी पडतात. शेवटची सर्वांत अवघड, आणि तिच्याशिवाय बाकीच्या वरवरच्या राहतात. एका दिवसाच्या प्रशिक्षणातून यांची तोंडओळख होते. मुरण्यासाठी मात्र रोजच्या पाळीवर वरिष्ठाची सोबत लागते. औपचारिक शिक्षण अर्धवट राहिलेल्यांसाठी १९८९ मध्ये नाशिकमध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने नोकरी सांभाळून पदवी घेण्याची वाट खुली केली. वरच्या पदांसाठी ती पदवी आणि पाळीवरचा हा अनुभव, दोन्ही लागतात.

संकल्पनेला मर्यादाही आहेत. तिच्या मोजमापावर संशोधकांचे एकमत नाही. उमेदवाराने स्वतःबद्दल भरलेली प्रश्नावली आणि प्रत्यक्ष क्षमता तपासणारी चाचणी वेगवेगळे चित्र दाखवू शकतात. डाना जोसेफ आणि डॅनियल न्यूमन यांच्या २०१० च्या अभ्यासानुसार, ज्या कामांत भावना सतत सांभाळाव्या लागतात तिथे तिचा कामगिरीशी संबंध अधिक ठळक दिसतो. त्यामुळे केवळ अशा प्रश्नावलीच्या गुणांवर बढती ठरवणे अन्यायाचे आहे. तितकाच अन्याय कामगारांची रास्त तक्रार शांत करण्यापुरते हे कौशल्य वापरण्यात आहे. कंत्राटी कामगाराचा थकलेला ओव्हरटाईम हा आधी पगाराचा प्रश्न असतो. तो वरपर्यंत नेऊन पैसे मिळवून देणे सुपरवायझरच्या नेतृत्वातच मोडते.