शेवंड चालते की पोहते? : एका सागरी तंट्याची पार्श्वभूमी

शेवंड, म्हणजे कोळंबीच्या गोतातला मोठा सागरी जीव, चालते की पोहते, या प्रश्नावरून १९६३च्या फेब्रुवारीत फ्रान्सने ब्राझीलच्या दिशेने विनाशिका धाडली आणि ब्राझीलनेही आपले आरमार सज्ज केले. या प्रकरणाला ‘शेवंड युद्ध’ असे भारदस्त नाव मिळाले, तोफ मात्र एकदाही धडाडली नाही. आज ही हकिगत बहुधा गंमत म्हणूनच सांगितली जाते. पण एखाद्या प्राण्याला कोणत्या वर्गात टाकायचे यावरून तो कोणाच्या मालकीचा हे ठरणार असेल, तर ती निव्वळ गंमत राहत नाही.

नावांचा घोळ त्याआधीपासूनचा. प्राचीन ग्रीक लेखनात मोठ्या नांग्यांचा लॉबस्टर आणि बिननांग्यांची शेवंड यांना वेगवेगळी नावे आहेत. लॅटिनमध्ये मात्र शेवंडीला आणि टोळाला एकच शब्द होता. फ्रेंच ‘लांगूस्त’ आणि पोर्तुगीज ‘लागोस्ता’ ही नावे त्यातूनच निघाली. इंग्रजीत ती कुठे ‘स्पायनी लॉबस्टर’, कुठे ‘रॉक लॉबस्टर’, तर काही देशांत चक्क ‘क्रेफिश’ आहे, आणि हे शेवटचे नाव इतरत्र गोड्या पाण्यातल्या निराळ्याच प्राण्याचे आहे. शास्त्रज्ञांनी तरी सरळ वागावे! १७९५ मध्ये शेवंडींच्या एका प्रजातीला (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला) रोमन महाकाव्यातल्या सुकाणू धरणाऱ्या नाविकाचे, पॅलिन्युरसचे, नाव मिळाले. १८४७ मध्ये जवळच्या दोन प्रजातींचे बारसे करताना तीच रोमन अक्षरे उलटसुलट करून ‘पॅन्युलिरस’ आणि ‘लिन्युपॅरस’ ही नावे तयार झाली. शेवंडीचे पिल्लू पानासारखे चपटे आणि आरपार दिसणारे असते. प्रवाहाबरोबर ते कित्येक महिने खुल्या समुद्रात वाहत राहते. तो वेगळाच प्राणी आहे असे समजून एकोणिसाव्या शतकात त्यालाही स्वतंत्र प्रजातीचे नाव दिले गेले होते.

हे सारे अभ्यासकांपुरते होते, तोवर कोणाचे काही बिघडत नव्हते. १९५८ मध्ये जिनिव्हात समुद्रविषयक करार झाले आणि शब्दांना वजन आले. किनाऱ्यालगतच्या बुडालेल्या जमिनीवरची, म्हणजे भूखंडमंचावरची, संपत्ती किनारी देशाची, असे ठरले. या संपत्तीत तळाला धरून राहणारे जीवही आले. तळाला धरून राहणारे म्हणजे कोणते? पकडण्याजोगे झाल्यावर जे एका जागी स्थिर असतात, किंवा समुद्रतळाशी सतत अंगाचा स्पर्श ठेवल्याशिवाय ज्यांना हलताच येत नाही, ते. ‘पकडण्याजोगे झाल्यावर’ या शब्दांमुळे भटक्या पिल्लांचा प्रश्न निकालात निघाला. शिंपले, स्पंज यांच्याबद्दलही वाद उरला नाही. कवचधारींचे, म्हणजे खेकडे, कोळंबी, शेवंडी यांच्या गोताचे, काय? समितीच्या मसुद्यात ‘कवचधारी आणि पोहणारे जीव यात येत नाहीत’ असे स्पष्ट शब्द होते. परिषदेच्या सर्वसाधारण बैठकीत ते गाळले गेले. गाळले म्हणजे कवचधारी आत आले, की प्रश्न उघडा राहिला? ज्याला जे सोयीचे, त्याने ते वाचले.

अशातच १९६१ मध्ये मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर शेवंडी पकडणाऱ्या फ्रेंच बोटी अटलांटिक ओलांडून ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यासमोर आल्या. त्या प्रादेशिक जलाबाहेर, म्हणजे किनारी देशाची सत्ता चालते त्या सागरी पट्ट्याबाहेर, होत्या, पण ब्राझीलच्या भूखंडमंचावर होत्या. १९६२च्या जानेवारीत ब्राझीलने त्यातली एक बोट ताब्यात घेतली. शेवंड उड्या मारत पाण्यातून जाते, म्हणजे ती माशासारखीच, आणि खुल्या समुद्रातला मासा कोणाचाही, असा फ्रेंचांचा दावा होता. त्यावर ब्राझीलच्या एका ॲडमिरलचे उत्तर प्रसिद्ध आहे: उडी मारते म्हणून शेवंड मासा ठरत असेल, तर कांगारूला पक्षी म्हणावे लागेल.

टोमणा झकास आहे, पण तो मुद्द्याला बगल देतो. शेवंड एरवी पायांवर चालते हे खरेच. कॅरिबियन समुद्रात शरद ऋतूत डझनावारी शेवंडी एकामागोमाग रांग धरून निघतात, मागची आपल्या मिशांनी पुढचीचा अदमास घेत जाते. पण दचकली की ती शेपूट पोटाखाली झटक्याने दुमडते आणि तळ सोडून मागच्या मागे सुसाटते. व्याख्येत तर ‘सतत’ हा शब्द होता. अक्षरावर बोट ठेवले तर फ्रान्सची बाजू वाटते तितकी हास्यास्पद नव्हती. तरीही दोन-चार झटक्यांच्या पळापळीवरून साऱ्या आयुष्याला ‘पोहणे’ म्हणणे ही ओढाताणच. आणि ज्या व्याख्येवरून हे भांडण चालले होते, तो करार तेव्हा लागूच झालेला नव्हता! तो अमलात आला १९६४च्या जूनमध्ये.

‘ब्राझील हा गंभीर देश नाही’ हे फ्रेंच राष्ट्राध्यक्षांच्या नावावर खपणारे वाक्य याच काळातले. ते आपणच बोललो होतो, असे ब्राझीलच्या पॅरिसमधल्या तेव्हाच्या राजदूताने पुढे सांगितले.

१९६४च्या डिसेंबरात तडजोड झाली. २६ फ्रेंच बोटींना पाच वर्षांची मुभा मिळाली. मूळ प्रश्न तसाच राहिला. १९६५ मध्ये जिनिव्हा करारात सामील होताना फ्रान्सने कवचधारींना वगळणारे निवेदन जोडले. अपवाद फक्त खडकाला किंवा लाकडाला कायमच्या चिकटणाऱ्या बार्नेकलचा. ब्राझीलने १९७० मध्ये प्रादेशिक जलाची हद्दच २०० सागरी मैलांवर नेली. शेवंड चालो वा पोहो, आता हद्द ओलांडल्याशिवाय तिच्यापर्यंत पोहोचता येणार नव्हते. १९७५ मध्ये बहामाने वेगळी वाट धरली: शेवंड हा आपल्या भूखंडमंचाचाच जीव, असे जाहीर करून परदेशी बोटींना बंदी घातली. फ्लोरिडातून तिथे जाणाऱ्या मच्छीमारांना त्याचा थेट फटका बसला.

१९८२च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराने २०० मैलांचा आर्थिक पट्टा, म्हणजे जिथली सागरी संपत्ती किनारी देशाची असा पट्टा, सर्वमान्य केला. त्या पट्ट्यात मासा की शेवंड, हा भेद बराचसा बिनमहत्त्वाचा झाला. जिनिव्हातली व्याख्या मात्र त्याच्या ७७व्या कलमात जवळजवळ जशीच्या तशी उतरली. भूखंडमंच २०० मैलांपलीकडे जातो तिथे आजही तिच्यावरच बोट ठेवले जाते. २०१५ मध्ये नॉर्वे आणि रशियाने उत्तरेकडच्या बॅरंट्स समुद्रातला स्नो क्रॅब हा खेकडा ‘तळाला धरून राहणारा’ मानायचे ठरवले ते याच शब्दांच्या आधारे. ब्राझीलच्या शेवंडीचे शास्त्रीय नावही दरम्यान बदलले. जिला कॅरिबियन जातीचीच समजले जात होते, ती २०१६ मध्ये वेगळी जात म्हणून नोंदली गेली.