नोटॅम: २७ पानांतले आठवे पान

क्षेपणास्त्राची चाचणी ठरली किंवा सीमेवर तणाव वाढला की 'नोटॅम जारी' अशी बातमी येते. नोटॅम म्हणजे 'नोटीस टू एअरमेन', वैमानिकांसाठीची सूचना. वैमानिकाच्या हाती पडणारे बहुतेक नोटॅम मात्र फुटकळ असतात: बंद टॅक्सीवे (विमानांचा धावपट्टीपर्यंत जाण्याचा रस्ता), विझलेले दिवे, धावपट्टीलगत उभी असलेली क्रेन. मुंबईत पावसाळ्याआधी दुरुस्तीसाठी धावपट्ट्या काही तास बंद राहतात, तेही असेच कळवले जाते.

खलाशांसाठी निघणाऱ्या सूचनांवरून हा नमुना उचलला गेला. नागरी विमान वाहतुकीच्या १९४४च्या शिकागो करारानंतर त्याला आंतरराष्ट्रीय चौकट मिळाली, १९५३ मध्ये त्या कराराला स्वतंत्र परिशिष्टही जोडले गेले. संदेश टेलिप्रिंटरवरून जात, म्हणून सगळी अक्षरे कॅपिटल आणि शब्द तोडलेले. 'क्यूएमआरएलसी' या सांकेतिक शब्दातले एमआर म्हणजे धावपट्टी, एलसी म्हणजे बंद. टेलिप्रिंटर भंगारात गेले, त्यांची भाषा तेवढी उरली.

७ जुलै २०१७ च्या रात्री ही पद्धत जवळजवळ महागात पडली. सॅन फ्रान्सिस्कोला उतरणारे कॅनडाचे विमान धावपट्टी सोडून शेजारच्या टॅक्सीवेच्या रोखाने आले. तिथे चार विमाने उड्डाणासाठी रांगेत उभी होती. जमिनीपासून जेमतेम ६० फुटांवर येऊन ते पुन्हा वर गेले. दोन समांतर धावपट्ट्यांपैकी डावीचे दिवे बंद होते, त्यामुळे उजवीलाच डावी समजून वैमानिकांनी टॅक्सीवेला उजवी धावपट्टी मानले. डावी बंद असल्याचा नोटॅम त्यांच्याकडे होता, २७ पानांच्या कागदपत्रांत आठव्या पानावर. वैमानिकांनी नीट वाचायला हवे होते, हे खरेच. पण अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकी यंत्रणेच्या प्रमुखांनी भर बैठकीत नोटॅमना 'कचरा' म्हटले, ते उगीच नव्हे. धावपट्टी बंद असल्याची सूचना आणि दूरच्या क्रेनचा विझलेला दिवा एकाच ठशात येतात. सूचना काढली की काढणारा सुटतो. पुढची जबाबदारी वाचणाऱ्याची. मग कोण कशाला कमी काढेल?

अमेरिकेत त्यानंतर डिसेंबर २०२१ मध्ये बदलले ते नोटॅमचे पूर्ण रूप, 'एअरमेन'ऐवजी 'एअर मिशन्स'. २०२५ मध्ये तेही मागे घेतले गेले. यंत्रणा किती जुनाट होती हे मधल्या काळात, ११ जानेवारी २०२३ ला दिसले. मुख्य आणि पर्यायी डेटाबेस जुळवताना कंत्राटदाराच्या माणसांकडून चुकून फायली पुसल्या गेल्या, नोटॅम मिळेनासे झाले आणि देशभरातली देशांतर्गत उड्डाणे सकाळी काही काळ रोखून धरावी लागली.